साखळी क्रमांक, डावी बाजू

पहाटे ५.४५
विश्रांतवाडीतल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. एक खोली, एक मोरी, भाडं नऊ हजार. गादीवर सामान मांडलंय. तीस मीटरची टेप, पाच मीटरची टेप, हातात मावणारं जीपीएस. फोटोत वस्तूशेजारी ठेवायची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पट्टी. मऊ ब्रश दोन. झिपच्या पिशव्यांचा गठ्ठा. दोरा ओवलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. लिहायला पेन्सिली, कारण पेनची शाई घामानं पसरते.

खुरपी पण आहे. ती पिशवीच्या तळाशी जाते.

इथं राहणारी बाई पस्तिशीची. जेमतेम तीन किलोमीटरवरच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. केलं. कायमची नोकरी नाही, कामं मिळतात ती कंत्राटावर. रस्त्यावर तिला सगळे मॅडम म्हणतात, आपणही तेच म्हणू. आजचं काम एका खाजगी सल्लागाराचं. आळंदी रस्त्याचा विश्रांतवाडीपासून दिघीकडचा तुकडा रुंद करायचा प्रस्ताव कागदावर मांडायचाय. मध्ये काय काय येतं त्याची यादी हवी. झाडं, विजेचे खांब, चेंबर, टपऱ्या, देवळं. यादीच्या शेवटी एक रकाना आहे, 'पुरातन वस्तू व वास्तू'. तो भरायचे चाळीस हजार. त्यात चार दिवस रस्त्यावर आणि सहा दिवस लिखाण. प्रवास, चहा, मदतनीस, छपाई, सगळं त्यातच.

मातीचे रंग जुळवायचं मन्सेलचं पुस्तक तिच्याकडे नाही. ते परदेशातून मागवावं लागतं आणि त्या किमतीत या खोलीचं दोन महिन्यांचं भाडं निघतं. म्हणून ती ओली माती बोटानं वहीत फासते आणि शेजारी जागा, खोली, वेळ लिहिते. वहीची पानं त्यामुळे फुगलेली आहेत.

सकाळी ६.३०
चौकात थंडी आहे. बीआरटीच्या थांब्यावर पहिल्या पाळीची माणसं उभी आहेत. संगमवाडी ते विश्रांतवाडी हा बीआरटी मार्ग २०१५ साली सुरू झाला. त्याही वेळी हा रस्ता रुंद झाला होता, असं चहावाला सांगतो. त्याची टपरी तेव्हा एकदा मागे सरकली. आता परत सरकेल म्हणतो. चहा बारा रुपये.

मदतनीस मामा धानोरीहून चालत आलेत. साठीच्या आसपासचे. डोक्याला मफलर, पायात बूट, बुटांना नाडी नाही. गाव शिरूर तालुक्यात. पोरवयात गावाकडं इनामगावच्या खोदकामाबद्दल ऐकलं होतं. डेक्कन कॉलेजनं घोडनदीच्या काठी १९६८ पासून बारा-पंधरा वर्षं ते चालवलं होतं. धवलीकर, सांकळिया, अन्सारी ही नावं मामांना पाठ आहेत. पुढं ते स्वतः खोदकामांच्या कॅम्पवर बिगारी म्हणून लागले. घमेली उचलली, चाळणी मारली, खापरं धुतली. आता घमेलं उचलत नाहीत. टेपचं टोक धरतात, मोजणीचा स्टाफ सरळ उभा करतात, रहदारीवर लक्ष ठेवतात.

हजेरी आठशे. नाश्ता आणि दोन चहा वेगळे. बांधकामावर यापेक्षा जास्त मिळेल का, असं विचारलं.

"मिळंल की. पन तिथं सलॅब वर चढवायची. हितं नुसतं बघायचं."

सकाळी ७.००
पहिला आकडा चौकातच. शून्य अधिक शून्य. मॅडमकडे सल्लागारानं दिलेले मोठे नकाशे आहेत. रस्त्याच्या मधोमध एक रेघ, तिच्यावर दर शंभर मीटरला साखळी क्रमांक. मध्यापासून दोन्हीकडे तीस मीटर बघायचं. आधी डावी बाजू, येताना उजवी. म्हणजे चार किलोमीटरचे आठ होतात. आज डावीकडचे पहिले दोन.

मामा टेपचं टोक घेऊन पुढं. मॅडम मागं. चालण्याचा वेग तासाला अर्धा किलोमीटर. वाटेत जे दगडी दिसतं ते थांबून बघायचं. जोत्याचा दगड, पायरी, उंबरा, दुकानासमोर पालथा घातलेला पाटा. घडीव दगड जुन्या घरातून नव्या घरात, तिथून दुकानाच्या पायरीत जातो. त्यामुळे प्रत्येक घडीव दगडाची नोंद होते, पण प्रत्येकापुढं 'मूळ जागी' किंवा 'हलवलेला' असं लिहावं लागतं. तासाभरात नऊ नोंदी. नऊही 'हलवलेला'.

एका भिंतीवर लाल रंगात आकडा आणि बाण आहे. घरमालक बाहेर येऊन उभे. हातात टेप बघून त्यांचा चेहरा बदललेला.

"कुठपर्यंत जातंय आमचं?"

"काका, मी मोजणीची नाही. जुने दगड बघते."

"दगड? घर नाही?"

"घर किती वर्षांचं?"

"चाळीस."

मॅडम हसून पुढं जातात. त्यांच्या रकान्यात चाळीस वर्षांचं घर बसत नाही.

सकाळी ८.१५
कळसच्या अलीकडे आतल्या गल्लीत एक पिंपळ आहे. पाराभोवती फरशी, वर पत्रा, पत्र्याला घंटा. आत शेंदूर फासलेला दगड. उंची ब्याण्णव सेंटिमीटर, रुंदी एक्केचाळीस. डोकं निमुळतं. शेंदराचा थर इतका जाड की खाली काय कोरलंय ते कळत नाही. बाजूनं उन्हात बघितलं की आडव्या पट्ट्यांचे उंचवटे जाणवतात.

वीरगळ असू शकते. वीरगळीत सहसा खालच्या चौकटीत लढाई असते, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. इथं चौकटी आहेत की शेंदराच्या सुरकुत्या, ते ब्रशनं ठरत नाही. शेंदूर खरवडायचा नाही, हा मॅडमचा नियम. दगड गावाचा, देव गावाचा.

राखण करणाऱ्या मावशी परडीत फुलं घेऊन येतात.

"मावशी, फोटो काढू का?"

"काढ की. चपला काढ आधी."

मामा स्केल धरतात, मावशी स्केलकडं संशयानं बघतात. मग मुद्द्याचं विचारतात. देव रस्त्यात जाणार का? मॅडम म्हणतात, ठरवणारी मी नाही, पण कागदावर नाव आलं तर विचारल्याशिवाय हलवणार नाहीत अशी आशा. मावशी म्हणतात, मग नाव नीट लिही. देवाचं नाव त्या तीनदा सांगतात. मॅडम तीनदा वाचून दाखवतात.

दगड कधीचा, यावर मावशींचं उत्तर 'पहिल्यापास्नं' असं आहे. कागदी पुरावा कुठवर जातो, ते मॅडम चालता चालता सांगतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे ७५८ आणि ७६८ सालचे ताम्रपट आहेत, त्यांत पुण्य विषय, पुनक विषय अशी प्रदेशांची नावं येतात. या भागातल्या कळस, बोपखेल यांसारख्या गावांची नावं अभ्यासकांनी त्यांत ओळखली आहेत. म्हणजे इथं बाराशे-साडेबाराशे वर्षं माणूस राहतोय. माणूस राहिला की खापर पडतं. प्रश्न फक्त किती डांबराखाली, एवढाच.

फॉर्ममध्ये 'प्रकार' या शब्दापुढं त्या लिहितात: 'वीरगळ? निश्चित नाही.'

सकाळी ९.३०
पोहे पंचवीस, चहा बारा. मामा वडापाव घेतात, वीस. हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर जातो.

सकाळी १०.१०
रस्त्याकडेला पाण्याच्या पाइपचा खड्डा आहे. जेसीबीनं उकरलेला, माणूसभर खोल, लांबी आठ-नऊ मीटर. भोवती हिरवी जाळी आणि दोन लोखंडी बॅरिकेड. मॅडमची चाल इथं पहिल्यांदा वाढते.

खुरपी पिशवीच्या तळाशी का असते ते इथं कळतं. पुरातत्त्वाच्या नावानं उत्खनन करायचं तर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. तो अशा दहा दिवसांच्या कामासाठी कुणी काढत नाही. पाइप टाकायला, केबल ओढायला, गटार करायला मात्र रस्ता रोज कुठं ना कुठं खणला जातो. त्यामुळे ही मंडळी दुसऱ्यांच्या खड्ड्यांवर काम करतात. खड्ड्याची उभी भिंत म्हणजे त्यांच्यासाठी फुकटात मिळालेला छेद.

मॅडम सुपरवायझरशी बोलतात. पोरगा पंचविशीचा, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

"दादा, वीस मिनिटं उतरू का? काही काढणार नाही."

"मॅडम, जेसीबी तासाला बाराशे घेतोय. तो चहाला गेलाय तोवर बघा."

मामा शिडी धरतात. मॅडम खाली. मामा वरून टेप सोडतात. टेपचा शून्य रस्त्याच्या पातळीला. मग वरून खाली वाचन सुरू होतं आणि मामा वहीत उतरवतात. डांबर, तीन थर, मिळून बावीस सेंटिमीटर. खडी. सोलिंगचे दगड. मुरूम, लाल. पुन्हा खडी, बारीक, म्हणजे आधीचा रस्ता. पुन्हा मुरूम. मग पंचाण्णववर रंग बदलतो. करडी माती, राखेचे ठिपके, खापराचे तुकडे. एकशे चाळीसच्या खाली काळी माती, स्वच्छ.

करड्या थराच्या टोकाला, खड्ड्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, तीन घडीव दगड एका ओळीत आहेत. सांध्यात चुना. मॅडम ब्रश फिरवतात. चौथ्या दगडाची कड दिसते, बाकी भिंतीत.

"मामा, हे हलवलेलं नाही."

मामा वरून वाकून बघतात. "चुना पांढरा हाय का पिवळा?"

"पांढरा. चांगला घट्ट आहे."

"मंग मोठ्या घराचं हाय."

वर चार मजूर जमलेत. त्यातला एक विचारतो, सोनंबिनं आहे का. मॅडम खालूनच सांगतात. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवायला लागतं, १८७८ चा कायदा आहे. मजूर हसतात. दहा रुपयांत काय येतं आता? मॅडम म्हणतात, कायद्यात अजून दहाच आहेत.

जेसीबीवाला चहा पिऊन येतो. वीस मिनिटांची एकवीस झालीत. फोटो सोळा. मातीची बोटं वहीत चार. दगडांची मापं अर्धवट. सुपरवायझर सांगतो, पाइप उद्या पडणार, सकाळी सातला या, मग बघा निवांत. मॅडम त्याचा नंबर घेतात, त्याला आपला देतात.

सकाळी ११.३०
कळसपासून पुढं रस्त्याच्या कडेला भिंत सुरू होते. संरक्षण खात्याची. आत संशोधन संस्था, पुढं दिघीकडे लष्कराची हद्द. फोटो काढण्यास मनाई असल्याचे फलक. इथं मॅडम कॅमेरा पिशवीत टाकतात, जीपीएस बंद करतात आणि नुसत्या चालतात. आतल्या जमिनीवर इमारती कमी, झाडं जास्त. कुणी फारसं खणलेलं नाही. एखादं टेकाड टिकायचं तर अशाच जागी टिकतं, असं त्या म्हणतात. वहीत लिहितात: 'भिंतीपलीकडे पाहणी नाही.' साखळी क्रमांक अमुक ते तमुक.

दुपारी १२.१५
मोकळा प्लॉट. बोर्ड लागलाय, कुंपण अजून नाही. वाळकं गवत, बांधकामाचा राडारोडा, दारूच्या बाटल्या. दोघं दोन मीटर अंतर ठेवून शेजारी शेजारी चालतात. मान खाली. टोकाला गेले की वळतात. चाळीस मिनिटांत प्लॉट संपतो.

मामांच्या मुठीत खापरं जमतात. ते चालता चालताच वेगळी करतात. कुंभाराचं माठाचं, आजकालचं. कौलाचा तुकडा, मंगलोरी. चिनीमातीची बशी, निळी फुलं. काचेच्या बांगडीचा तुकडा, हिरवा. एक खापर जाड, काळसर, आतून बोटांच्या खुणा. मामा ते थुंकी लावून पुसतात, उन्हात धरतात, मॅडमच्या हातात देतात. मॅडम कड बघतात. काठाचा तुकडा असता तर काही सांगता आलं असतं. पोटाचा तुकडा फार बोलत नाही. तरी पिशवीत जातो. बाकीचं परत जमिनीवर, जिथं होतं तिथं.

इनामगावला जोर्वे पद्धतीची भांडी मिळाली. लाल, त्यावर काळ्या रंगात नक्षी, भट्टीत इतकी भाजलेली की टिचकी मारली तर खणखणतात. ती वस्ती इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं टिकली होती. इथं तसलं काही मिळेल का? मामा मान हलवतात. "तिथं पांढरी होती, पुरुषभर. हितं वर शहर बसलंय."

दुपारी १.३०
कडूलिंबाखाली डबे. मॅडमचा मेथीची भाजी आणि पोळी. मामांचा भाकरी, पिठलं, कांदा. कांदा बुक्कीनं फोडतात.

जेवताना मॅडम मोबाइलवर फोटो दाखवतात. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ ए-१४ नावाचा रस्ता रुंद केला. त्याआधी २०१६ ते २०१८ उत्खनन चाललं. एका वेळी अडीचशेच्या आसपास पुरातत्त्ववाले. लोहयुगातली गावं, रोमन भट्ट्या, मॅमथचे अवशेष. बिअर गाळल्याचा इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमाराचा पुरावा पण मिळाला.

"अडीचशे मानसं," मामा म्हणतात. "आन रस्ता?"

"झाला. मुदतीच्या आधी."

मामा घास गिळतात. "आन आपुन दोगं."

तिथं रस्त्याच्या खर्चातच हा खर्च धरलेला असतो. इथं? मॅडम बोटावर मोजतात. १९५८ चा केंद्राचा कायदा आहे, २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर बांधकामाला बंदी, पुढचे दोनशे मीटर परवानगीनं. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. दोन्हीकडे जे आधीच यादीत आहे त्याला आधार. जे अजून मातीखाली आहे त्याची यादी कोण करणार? जागतिक बँकेसारखे कर्ज देणारे विचारतात. त्यांच्या २०१८ पासूनच्या अटींमध्ये आठव्या क्रमांकाची अट सांस्कृतिक वारशाची आहे. खोदताना काही सापडलं तर काम थांबवून कुणाला कळवायचं, तेही लिहून द्यावं लागतं. त्यामुळे तो रकाना इतर प्रस्तावांच्या मसुद्यांतही शिरलाय. आणि रकाना आहे म्हणून हे चाळीस हजार.

डबे धुवायला पाणी नाही. मामा मातीनं घासतात.

दुपारी २.४५
एका किराणा दुकानाच्या कट्ट्यावर एक आजोबा बसलेले. वय विचारलं तर 'ऐंशीच्या पुढं' म्हणतात. मॅडम त्यांच्या शेजारी बसतात. सर्वेक्षणाचा हा भाग फॉर्ममध्ये 'मौखिक माहिती' म्हणून येतो आणि त्याला तीन ओळींची जागा असते.

आजोबांना तीन ओळी पुरत नाहीत. रस्ता एकेरी होता. दोन्ही बाजूंना झाडं. वारीच्या दिवशी माउलींची पालखी आळंदीहून निघाली की दिघीवरून इकडं यायची, अजून येते. तेव्हा वारकरी पाणी प्यायला विहिरीवर जायचे.

"कुठली विहीर, बाबा?" मामा विचारतात.

"मोटंची. दोन मोटा चालायच्या. दगडी बांधनी, चुन्यातली. आमी पवायला शिकलो तिथं."

"कुठं होती?"

आजोबा काठीनं दाखवतात. काठी रस्त्याकडे वळते, मग थोडी डावीकडे. "त्या बॅनरच्या पलीकडं. रस्ता उचलला तवा बुजवली. राडा टाकला, वर खडी."

बॅनरच्या पलीकडं सकाळचा खड्डा आहे. अंतर शंभरेक मीटर. मॅडम आणि मामा एकमेकांकडे बघतात, पण काही बोलत नाहीत. मॅडम विचारतात, विहीर किती मोठी होती? आजोबा म्हणतात, एका दमात पलीकडं जायचो. त्यांचं वय तेव्हा किती? दहा-बारा. हे माप वहीत जसंच्या तसं जातं.

दुपारी ४.००
फूटपाथच्या ब्लॉकमधून एक दगड वर आलाय. वीतभर. डोकं गोल, घडीव. तिन्ही बाजूंनी काँक्रीट. वर दोन दुचाकी रेललेल्या. मामा मालकांना शोधून आणतात, गाड्या हलतात. ब्रश फिरतो. अक्षर नाही, आकडा नाही. असला तर काँक्रीटखाली.

मैलाचा दगड असेल, नाही तर हद्दीचा. मुंबईत असे मैलाचे दगड होते. सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले. रस्ते उंच होत गेले, फूटपाथ वर आले आणि दगड गळ्यापर्यंत बुडाले. मग महापालिकेनं ते शोधून, उकरून, साफ करून परत उभे केले. तिथं आकडे कोरलेले होते म्हणून ओळखता आले. इथं फक्त डोकं आहे.

जीपीएसचे आकडे दोनदा घेतले जातात. फोटो चारही बाजूंनी. शिफारशीच्या रकान्यात: 'ब्लॉक काढताना यंत्र वापरू नये, हातानं मोकळा करावा.' ब्लॉक काढणाऱ्यापर्यंत हे वाक्य पोचेल का, असं विचारलं तर मॅडम म्हणतात, माझं काम लिहिण्यापर्यंत. मग थांबून म्हणतात, ठेकेदाराच्या निविदेत ते वाक्य गेलं तर पोचतं. अहवालाच्या परिशिष्टात राहिलं तर नाही.

सायंकाळी ५.४५
खोलीवर. मोरीत बादली. मामा जुन्या टूथब्रशनं खापरं धुतात, अकरा तुकडे. सांकळियांच्या काळापासून खापर धुवायची पद्धत फारशी बदललेली नाही. ब्रश कडेला लावायचा नाही, तुटलेली कड झिजली की जोडणी कळत नाही. वर्तमानपत्रावर पालथी मांडून वाळवायची. पंख्याखाली नाही, चिठ्ठ्या उडतात.

मॅडम फोटोंना नावं देतात. साखळी, बाजू, क्रमांक. एकशे सत्तावीस फोटो.

सायंकाळी ७.००
मामांचे आठशे मोबाइलवरून जातात. टिंग वाजतं, मामा बघत नाहीत, विश्वास आहे. सल्लागाराकडून निम्मी रक्कम आगाऊ आली आहे, उरलेली अहवाल मंजूर झाल्यावर. आधीच्या एका कामाची उरलेली निम्मी सात महिने झाले आलेली नाही. म्हणून मॅडमनं यंदा टेप नवी घेतली नाही. तीस मीटरच्या टेपचा पहिला सेंटिमीटर झिजलाय. मोजताना दहापासून धरायचं आणि मग दहा वजा करायचे.

मामा चहा पिऊन धानोरीला निघतात.

रात्री ८.२०
भात शिजतोय. फोन वाजतो. सुपरवायझर.

"मॅडम, पाइप आजच आले. रात्रीच टाकायचे म्हणतात, उद्या सकाळी बुजवायचं. तुम्ही म्हणाला होता म्हणून सांगितलं."

"किती वाजता टाकणार?"

"दहाला क्रेन येतीय."

मॅडम गॅस बंद करतात. मामांना फोन. मामा जेवायला बसलेत. "येतो," म्हणतात. जादा हजेरीचं कोणी बोलत नाही.

रात्री ९.१०
खड्ड्यात बल्ब लावलाय, वायरवर लटकता. पूर्वेच्या कोपऱ्यात उजेड पुरत नाही, म्हणून मामा मोबाइलचा टॉर्च धरतात. दुसऱ्या हातात टेप. तळाला पाणी झिरपलंय, घोट्याइतकं. मॅडमनं चपला वर काढून ठेवल्यात.

चौथा दगड आता मोकळा आहे. जेसीबीच्या बादलीनं दुपारी त्याच्या पुढची माती खरवडली, त्यामुळे पाचवाही दिसतो. पाच दगडांची आतली बाजू सरळ रेषेत नाही. दोन टोकांना दोरी ताणली. दोरीची लांबी एक मीटर साठ. दोरीच्या मध्यापासून दगडापर्यंत अकरा सेंटिमीटर. मॅडम मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडे टाकतात. त्रिज्या तीन मीटरला थोडी कमी. म्हणजे व्यास सुमारे सहा मीटर.

"एका दमात पलीकडं," मामा म्हणतात.

मग कामं वाटून घेतली जातात. मामा माप सांगतात, मॅडम काढतात. दगडाची लांबी, उंची, सांध्याची जाडी, रस्त्यापासूनची खोली. चुन्याचा हरभऱ्याएवढा तुकडा, आधीच गळून पडलेला, चिठ्ठीसह पिशवीत. विहिरीच्या आतल्या बाजूला आजोबा म्हणाले तसा राडा आहे. विटांचे तुकडे, खडी, एक पत्र्याचा डबा.

सुपरवायझर वर उभा राहून घड्याळ बघतो, पण बोलत नाही. मग विचारतो, "हे काढावं लागणार का?"

"पाइप एक फूट अलीकडून गेला तर नाही."

तो खाली वाकून बघतो. एक फूट त्याच्या हातातलं नाही, इंजिनिअरच्या हातातलं आहे. तो इंजिनिअरला फोन लावतो. तीन वेळा लावल्यावर उचलला जातो. बोलणं ऐकू येत नाही. परत येऊन म्हणतो, अलीकडं घ्या म्हणाले, तसंही दगड फोडायला ब्रेकर लागला असता, त्याचं भाडं वेगळं.

क्रेन सव्वादहाला येते.

रात्री १०.५०
खोलीवर भात गार झालाय. मॅडम आधी वही उघडतात. 'साखळी क्रमांक', 'डावी बाजू', 'प्रकार: दगडी विहीर, चुन्याची बांधणी, मूळ जागी, अंशतः पाहिली.' 'मौखिक माहिती' मध्ये तीन ओळी. 'शिफारस' मध्ये दोन: रुंदीकरणाच्या आराखड्यात विहिरीचा घेर दाखवावा, त्यावर चेंबर किंवा खांबाचा पाया घेऊ नये.

मग शेवटचं पान. नाश्ता ५७. दोन चहा २४. मामा, हजेरी ८००. मामा, रात्रीची अर्धी, ४००. रिक्षा जाताना ७०, येताना मामांना धानोरीपर्यंत ११०. सल्लागाराच्या बिलात रात्रीच्या कामाला जागा नाही. दिवसाची कामं चारच धरलेली आहेत. मॅडम थोडा विचार करून शेवटचे तीन आकडे एकत्र करतात आणि 'छपाई व इतर' मध्ये टाकतात. ५८०. तिथं अजून नऊशे वीस शिल्लक आहेत, पण अहवालाच्या चार प्रती रंगीत द्यायच्या आहेत. तीन काळ्या-पांढऱ्या दिल्या तर बसतंय.

मामांना मेसेज जातो. 'उद्या सात ऐवजी आठ. डावी बाजू.' मामांचं उत्तर लगेच येतं, अंगठा.